भाला, हत्ती आणि बर्फाचा घाट : एका जुन्या रॅली गाडीचा पाठ



'घर्षण' शिकवायला घेतलं की आपली उदाहरणं ठरलेली असतात. केळीची साल, कॅरमची पावडर, पावसात ओली झालेली फरशी. मुलं माना डोलावतात, वहीत व्याख्या लिहितात आणि परीक्षेनंतर विसरतात. यंदा नववीच्या वर्गात मी जरा वेगळा खटाटोप केला. फळ्यावर एका छोट्या इटालियन गाडीचं चित्र काढलं (चित्र कसलं, खोक्यावर खोकं आणि खाली दोन गोल) आणि विचारलं, "ही गाडी बर्फाच्या घाटात आपल्यापेक्षा ताकदवान गाड्यांच्या पुढे गेली. कशी काय?" पुढचे चार तास त्या एका प्रश्नात गेले. विज्ञान आलं, गणित आलं, इतिहास आला. शेवटी एक असा प्रश्न आला की ज्याचं उत्तर माझ्याकडेही तयार नव्हतं. तो पुढे सांगतो.

गाडीचं नाव लान्चा फुल्विया कूपे १.६ एचएफ. आपल्याकडे बरेच जण 'लान्सिया' म्हणतात, पण इटालियन उच्चार 'लान्चा'च्या जवळचा आहे. या शब्दाचा अर्थ भाला. कंपनी विन्चेन्झो लान्चा यांनी १९०६ साली तोरिनो शहरात काढली, म्हणजे खरं तर ते त्यांचं आडनाव. 'फुल्विया' हे एका प्राचीन रोमन रस्त्याचं नाव. या कंपनीने एका काळात आपल्या गाड्यांना रोमन रस्त्यांची नावं दिली: आप्पिया, आउरेलिया, फ्लामिनिया, फ्लाविया, फुल्विया. इतिहासाच्या शिक्षकांनी नकाशा घेऊन यावा, त्यांचाही एक तास यात निघतो. 'एचएफ' म्हणजे 'हाय फिडेलिटी', एकनिष्ठ. त्या अक्षरांबरोबर बिल्ल्यावर धावणारे छोटे लाल हत्ती असतात. वेगाच्या गाडीवर हत्ती कशाला, असं पोरं लगेच विचारतात. मी सांगितलं, हत्ती एकदा धावायला लागला की त्याला अडवणार कोण? वर्गाला पटलं.

आधी रॅली म्हणजे काय ते सांगा

मुलांच्या डोक्यात 'रेस' म्हणजे गोल ट्रॅक आणि एकमेकांना खेटून पळणाऱ्या गाड्या. रॅली तशी नसते. ती साध्या रस्त्यांवर होते. घाटात, जंगलात, मातीत, बर्फात. गाड्या ठरावीक अंतराने एकेक सोडतात. म्हणजे समोर प्रतिस्पर्धी दिसतच नाही, झुंज असते ती घड्याळाशी. वेगाचे टप्पे वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्यावर असतात, पण एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना तीच गाडी नंबरप्लेट लावून, वाहतुकीचे नियम पाळत, ट्रक आणि बसगाड्यांच्या मधून जाते. गाडीत दोघं असतात. एक चालवतो, दुसरा मांडीवरच्या वहीतून वळणं वाचून सांगतो: पुढे उजवं, अवघड, मग उतार, मग डावं. चालकाला वळण दिसण्याआधी ते त्याच्या कानावर पडलेलं असतं.

हा शेवटचा मुद्दा वर्गात करून बघा. एका मुलाच्या डोळ्यांना रुमाल बांधा, बाकं हलवून वाट वाकडी करा आणि दुसऱ्याला नुसत्या शब्दांनी त्याला दारापर्यंत न्यायला सांगा. "इकडे वळ, तिकडे वळ" चालत नाही हे दोन मिनिटांत कळतं. "तीन पावलं सरळ, मग अर्धं उजवं" असं बोलावं लागतं. भाषेच्या शिक्षकांनी यावर निबंध लिहून घ्यायला हरकत नाही.

मोंते कार्लो, जानेवारी १९७२

मोंते कार्लो रॅली ही या खेळातली सगळ्यात जुन्या आणि मानाच्या स्पर्धांपैकी एक. त्या काळी ती युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून सुरू व्हायची. स्पर्धक शेकडो किलोमीटर चालवत दक्षिण फ्रान्सकडे यायचे आणि मग आल्प्सच्या घाटांत रात्री खरी कसोटी लागायची. कोल द तुरिनी नावाची खिंड त्यात फार गाजलेली. एका वळणावर कोरडा डांबरी रस्ता, पुढच्या सावलीत काचेसारखा बर्फ.

१९६८, ६९, ७० ही तीन वर्षं तिथे पोर्शे ९११ जिंकली. १९७१ ला फ्रान्सची अल्पिन ए-११०. दोन्ही गाड्यांचं इंजिन मागे, चालवणारी चाकंही मागची. १९७२ ला फुल्वियाकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती. या गाडीची मूळ सेडान १९६३ मधली, कूपे १९६५ मधली. म्हणजे रचना जुनी झालेली. त्यातच १९६९ साली कर्जात बुडालेली लान्चा कंपनी फियाटने विकत घेतली होती. अशा वेळी नव्या मालकासमोर जुन्या गाडीचा निभाव लागणं कठीण असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी १४ क्रमांकाच्या फुल्वियात सांद्रो मुनारी चालक आणि मारिओ मान्नुच्ची सहचालक होते. पुढे असलेल्या अल्पिन गाड्या यांत्रिक बिघाडांनी गळल्या, आणि १४ नंबरची लाल गाडी, काळ्या बॉनेटची, पहिली आली. पोर्शे ९११ दुसरी. चौथ्या क्रमांकावर आणखी एक फुल्विया होती. त्याच वर्षी लान्चाने उत्पादकांची आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धाही मारली. (जागतिक रॅली अजिंक्यपद त्यानंतरच्या वर्षी, १९७३ ला सुरू झालं.) कंपनीने या विजयाच्या आठवणीसाठी फुल्वियाची 'मोंतेकार्लो' नावाची आवृत्ती बाजारात आणली, तीही बॉनेट काळं रंगवून. ते बॉनेट शोभेसाठी काळं नसतं बरं का. चकचकीत बॉनेटवरून उजेड परावर्तित होऊन चालकाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ते मॅट काळं असतं. प्रकाशाच्या पाठात हे उदाहरण वापरा.

आता मूळ प्रश्न. कशी काय?

एकच भाकरी, वाटेकरी दोन

फुल्वियाचं इंजिन पुढे, आणि गाडी ओढणारी चाकंही पुढची. इंजिन तर पुढच्या आसाच्याही पुढे बसवलेलं. म्हणजे गाडीच्या निम्म्याहून बरंच जास्त वजन ओढणाऱ्या चाकांवर. घर्षण बल हे पृष्ठभागावरच्या लंब बलावर अवलंबून असतं, हे वाक्य पुस्तकात आहे. इथे त्याला चेहरा मिळतो. बर्फावर घर्षण गुणांक अगदी कमी होतो, तेव्हा उरलेली सगळी आशा त्या वजनावर असते.

उलट उदाहरण मुंबईकर पालकांना चटकन समजेल. प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० वरून बनलेली, काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईने अनेक दशकं पाहिलेली गाडी. तिचं इंजिन पुढे, पण फिरणारी चाकं मागची. मागे उतारू नसले आणि रस्त्यावर चिखल असला की मागची चाकं जागच्या जागी फिरायची. त्यानंतर घरोघरी आलेली मारुती ८०० पुढच्या चाकांनी ओढणारी. आजोबांना विचारा, चिखलातून कुठली गाडी सहज निघायची. हा गृहपाठ मी दिला होता आणि एका मुलीने आजोबांची पाच पानांची मुलाखत लिहून आणली. त्यात घर्षण दोन ओळी, बाकी सगळी टॅक्सी.

पण मुलांना अर्धसत्य सांगून मोकळं होऊ नका. पोर्शे आणि अल्पिनची इंजिनं मागे होती आणि चालवणारी चाकंही मागे, म्हणजे त्यांचंही वजन चालवणाऱ्या चाकांवरच होतं! मग फरक कुठे? चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. तिथे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा फायदा, फुल्वियाचा तोटा. उतारावर वजन पुढे येतं. शिवाय ओढणारी चाकं पुढे असली की गाडी आपोआप सरळ राहायला बघते. दोरीने ओढलेलं खेळणं सरळ येतं आणि मागून ढकललेलं तिरकं जातं, तसं. रात्रभर जागलेल्या माणसाच्या हातात बर्फावर सरळ राहणारी गाडी असणं हा मोठा आधार असतो.

या सोयीची किंमत मात्र असते. पुढच्या चाकांना दोन कामं करावी लागतात, ओढायचं आणि वळवायचं. घर्षण तेवढंच. मी वर्गात सांगितलं, भाकरी एकच आहे आणि खाणारे दोन. ओढणाऱ्याने जास्त खाल्ली की वळवणारा उपाशी राहतो, आणि गाडी वळणावर न वळता सरळ दरीकडे जाते. म्हणून वळणाआधी ॲक्सिलरेटर सोडायचा, वजन पुढे येऊ द्यायचं, मग वळायचं. स्कँडिनेव्हियन चालकांनी तर डाव्या पायाने ब्रेक हलकासा दाबत उजव्याने ॲक्सिलरेटर देण्याची कसरत रुळवली. स्वीडनच्या हॅरी कॅल्स्ट्रॉमने फुल्वियातून ब्रिटनची आरएसी रॅली १९६९ आणि १९७० अशी सलग दोनदा जिंकली, तीही जंगलातल्या अशा रस्त्यांवर जे आधी जाऊन बघायला स्पर्धकांना परवानगीच नसायची.

प्रयोग सोपा आहे. चावीची दोन खेळण्यातली मोटार घ्या, फळी तिरपी करा, वर प्लास्टिकचा गुळगुळीत कागद टाका. खोडरबर आधी पुढच्या चाकांवर बांधा, मग मागच्या. फळीचा कोन कोनमापकाने मोजा. कुठल्या कोनाला गाडी चढायची थांबते? बाजारात मिळणाऱ्या बहुतेक खेळण्यांची मागची चाकं फिरतात, त्यामुळे उत्तर काय येईल ते आधी मुलांकडून वदवून घ्या आणि मगच प्रयोग करा.

तेरा अंशांचं इंजिन

कोनमापक काढलाच आहे तर फळ्यावर एक १३ अंशांचा कोन काढा. किती अरुंद दिसतो बघा. फुल्वियाच्या इंजिनाचे चार सिलिंडर दोन रांगांत असतात आणि त्या रांगांमधला कोन साधारण एवढाच. (१.६ मध्ये तो आणखी थोडा कमी.) सर्वसाधारण 'व्ही' आकाराच्या इंजिनात हा कोन ६० किंवा ९० अंश असतो, म्हणून त्याला वरती दोन वेगळी झाकणं लागतात. ज्याला मेकॅनिक 'हेड' म्हणतात ते. चार सिलिंडर एका सरळ रेषेत ठेवले तर हेड एक पुरतं, पण इंजिन लांब होतं. लान्चाच्या अभियंत्यांनी मधला रस्ता काढला. सिलिंडर थोडे पुढे-मागे सरकवून एकमेकांच्या फटीत बसवले, शेंगेतल्या दाण्यांसारखे. इंजिन आखूड झालं आणि एकच हेड पुरलं. आखूड इंजिनामुळेच ते पुढच्या आसाच्या पुढे मावलं. ही युक्ती लान्चाने १९२० च्या दशकात लाम्ब्दा नावाच्या गाडीतही वापरली होती. फुल्विया ही त्या परंपरेतली शेवटची.

१.६ एचएफ चं इंजिन १५८४ घनसेंटीमीटरचं, ताकद ११५ अश्वशक्ती. आज ऐकायला फार वाटत नाही. पण गाडीचं वजन साधारण ८५० किलो. वजन उतरवण्यासाठी दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं केलं, बाजूच्या काचांऐवजी पारदर्शक प्लास्टिक बसवलं, बंपर काढूनच टाकले. समोरचे आतले दोन दिवे एवढे मोठे की इटालियन लोक या गाडीला 'फानालोने' म्हणतात, म्हणजे भल्यामोठ्या दिव्यांची.

जे सांगायचं टाळावंसं वाटतं

इथपर्यंत मुलं खूश असतात. मागच्या बाकावरची तर फारच. त्यांचे डोळे बघून मला जरा धास्तीच वाटली, खरं सांगतो. चौदा-पंधरा वर्षांची मुलं, घरात मोठ्या भावाची मोटरसायकल, आणि मास्तर वर्गात वेगाच्या गोष्टी सांगतायत. पालकांच्या मनातही हे येईल, यायलाच हवं.

म्हणून पुढची गोष्ट मी वगळली नाही. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये मुनारीने कोर्सिका बेटावरची रॅली फुल्वियातून जिंकली, तेव्हा शेजारी बसून वळणं सांगणारा होता लुचानो लोंबार्दिनी. दोनच महिन्यांनी, जानेवारी १९६८ मध्ये, हे दोघं मोंते कार्लोसाठी अथेन्सहून निघाले. युगोस्लाव्हियातून येताना त्यांच्या गाडीला अपघात झाला. लोंबार्दिनी गेला. मुनारी गंभीर जखमी झाला आणि बराच काळ खेळापासून दूर राहिला.

नीट लक्षात घ्या, हा अपघात वेगाच्या टप्प्यावर झाला नाही. रस्ता बंद नव्हता, घड्याळ लावलेलं नव्हतं. स्पर्धेच्या ठिकाणाकडे जाताना, तुमच्याआमच्यासारख्यांच्या वाहतुकीत झाला. युरोपातला एक निष्णात चालक आणि त्याचा तितकाच निष्णात सहचालक, आणि साधा रस्ता. मी वर्गात एवढंच सांगितलं आणि थांबलो. हेल्मेटवर व्याख्यान दिलं नाही. मागच्या बाकावर बराच वेळ कुणी बोललं नाही. १९७२ च्या फोटोत मुनारीच्या शेजारी मान्नुच्ची का बसला आहे, हे आता त्यांना माहीत होतं.

जीर्णोद्धार

आता त्या प्रश्नाकडे येतो. अशा जुन्या गाड्या आज नव्यासारख्या करून ठेवतात. तोरिनोमध्ये फियाटच्या जुन्या मिराफिओरी कारखान्याच्या एका विभागात 'हेरिटेज हब' नावाचं दालन आहे, तिथे या घराण्यातल्या शेकडो गाड्या ओळीने उभ्या आहेत. शिवाय जगभर खासगी संग्राहकांकडे फुल्विया आहेत, त्यांच्यावर काम करणारे कारागीर आहेत. हे काम कसं चालतं ते मी मुलांना सांगत होतो.

पहिलं काम पान्याने होत नाही, कागदाने होतं. चासीवरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, कारखान्याच्या नोंदी, जुने फोटो, स्पर्धांच्या याद्या. मग गाडी पूर्ण सुटी करायची, प्रत्येक नटबोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावायची. मग शत्रू दिसतो. गंज. फुल्वियाचं इंजिन, गियरबॉक्स आणि पुढचं सस्पेन्शन एका वेगळ्या चौकटीवर बसवलेलं असतं आणि ती चौकट बॉडीला बोल्टांनी जोडलेली असते. नेमक्या त्या जोडांपाशीच पत्रा गंजतो. वरून रंग झकास दिसतो आणि आत भुसा. ज्यांनी जुनं घर विकत घेतलंय त्यांना हे पटेल.

दुसरी भानगड रसायनशास्त्राची. दाराचा पत्रा ॲल्युमिनियमचा, बॉडी पोलादाची. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आहेत, मध्ये ओलावा, आणि युरोपात हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. म्हणजे काय झालं? घट तयार झाला! जास्त क्रियाशील धातू आधी झिजतो. ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, रंगाला फोड येतात. म्हणून दुरुस्त करताना दोन धातूंच्या मध्ये ओलावा आणि वीज दोन्ही अडवणारा थर द्यावा लागतो. धातूंच्या क्रियाशीलतेची श्रेणी कशाला पाठ करायची, असं विचारणाऱ्या मुलाला हे दार दाखवायचं. घरी करायचा असेल तर लिंबात रोवलेला खिळा आणि तांब्याची तार आहेच.

इतकं झाल्यावर पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, चौकट बदलली, पत्रा बदलला, रंग नवा, टायर नवे, काचा नव्या. मग जिंकलेली गाडी ही आहे का?"

मी थोडा गडबडलो. कारण प्रश्न तिला वाटत होता त्याहून अवघड होता. त्या काळी कारखान्यांचे रॅली संघ सुद्धा गाड्या जपत नसत. एका स्पर्धेत बॉडी चेपली की कागदपत्रं आणि नंबरप्लेट दुसऱ्या बॉडीवर जायची, इंजिन तिसऱ्याच गाडीत. त्यांना पुढची रॅली जिंकायची होती, संग्रहालय उभारायचं नव्हतं. म्हणजे काही गाड्यांच्या बाबतीत 'मूळ' हा शब्द धावत असतानाच धूसर झालेला होता.

मी तिला आपलं उदाहरण दिलं. काळ्या पाषाणाचं जुनं देऊळ, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्याला फासलेला गुलाबी ऑइलपेंट. देऊळ वाचलं की गेलं? वर्गात दोन तट पडले. मग सांगितलं की यावर जगभर विचार झालाय. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फीवाने, 'तोरिनो सनद' नावाचा दस्तऐवज केला आहे. त्याचा रोख असा: जे जुनं टिकलंय त्याचा मान ठेवा, गरजेपेक्षा जास्त बदलू नका, जे बदललं त्याची नोंद ठेवा आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू येऊ द्या. आणि गाडी चालती ठेवा, कारण चालणं हाही तिच्या वारशाचा भाग.

माझं मत विचाराल तर मला अति चकचकीत केलेल्या गाड्या बघवत नाहीत. कारखान्यातून निघाली तेव्हाही एवढी चकचकीत नसेल. सहचालकाच्या बाजूच्या दाराला आतून घासलेला पट्टा असेल, डॅशबोर्डवर जास्तीचे दिवे बसवताना पाडलेली भोकं असतील, तर ती राहू द्यावीत. तीच तिची प्रगतिपुस्तकं आहेत. पण आतला गंजलेला जोड तसाच ठेवणं हा वेडेपणा, कारण त्यावर माणूस बसणार आहे. मुलीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सर, थोडी तीच आहे." बरं उत्तर आहे.

डबा, दोरी आणि सरासरी

शेवटचा तास गणिताचा. त्या काळच्या रॅली गाड्यांत सहचालकासमोर 'हाल्डा' नावाचं स्वीडिश यंत्र असायचं. दातेरी चाकांचा एक छोटा डबा, गियरबॉक्सकडून येणाऱ्या फिरत्या केबलला जोडलेला. चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजायचा. जीर्णोद्धार केलेल्या गाडीत चालू हाल्डा असणं हे मालकाला भूषण वाटतं. आता गंमत बघा. समजा टायरचा व्यास ५८ सेंटिमीटर. परीघ किती? सुमारे १८२ सेंटिमीटर. एका किलोमीटरला सुमारे ५४९ फेऱ्या. यंत्र यावर जुळवलं. घाटात बर्फ आहे म्हणून खिळ्यांचे टायर चढवले, समजा व्यास ६० सेंटिमीटर. आता गाडी प्रत्यक्षात २० किलोमीटर गेली, तर यंत्र किती दाखवेल? मुलांना करू द्या. उत्तर १९.३३ किलोमीटर येतं, म्हणजे जवळजवळ ६७० मीटरची चूक. अंधारात, धुक्यात, "आता डावं वळण" हे ६७० मीटर उशिरा सांगणारा सहचालक कुणाला हवा आहे? व्यास दोनच सेंटिमीटरने बदलला होता.

आज या गाड्या पुन्हा त्याच घाटांत धावतात. मोनाकोची ऑटोमोबाइल क्लब ही संस्था दर हिवाळ्यात जुन्या गाड्यांसाठी ऐतिहासिक मोंते कार्लो रॅली भरवते, आणि फुल्विया तिथे नेहमी दिसतात. पण तिथे सगळ्यात वेगवान तो पहिला असं नसतं. सरासरी वेग ठरवून दिलेला असतो आणि वाटेत कुठे वेळ मोजणार ते सांगत नाहीत. उशीर झाला तर दंड, आणि लवकर आलात तरी दंड. मुलांना याचं फार आश्चर्य वाटलं. मग मैदानात आम्ही हेच सायकलींवर केलं. १२ किलोमीटर प्रतितास सरासरी, म्हणजे २०० मीटरला बरोबर ६० सेकंद. स्टॉपवॉच फक्त माझ्याकडे. वर्गातला सगळ्यात जोरात सायकल हाणणारा मुलगा २८ सेकंदांत आला आणि शेवटून पहिला ठरला. जिंकल्या दोन मुली. एक चालवत होती आणि दुसरी शेजारून चालत्या सायकलवरून मोठ्याने आकडे मोजत होती. हे नियमात बसतं का, यावर अर्धा तास भांडण झालं.

ज्या शिक्षकांना हा पाठ घ्यायचा आहे त्यांनी चार तास राखून ठेवा आणि कोर्सिका, तोरिनो, मोनाको दिसतील असा युरोपचा मोठा नकाशा आणा. एक गोष्ट मी तिथे सांगायची विसरलो, ती तुम्ही सांगा. १९७४ ची केनियातली सफारी रॅली. धूळ, चिखल आणि हजारो किलोमीटर. तोपर्यंत म्हातारी झालेली फुल्विया मुनारीने तिथे नेली आणि तिसऱ्या क्रमांकावर आणली. पहिला कोण आला होता? जोगिंदर सिंग, केनियात वाढलेला शीख मेकॅनिक-चालक, मित्सुबिशीच्या छोट्या लान्सरमध्ये. केनियाचा नकाशाही लागेल मग.